मोळीची वाट

माझी सायकल माझ्या घरी राहत नाही. ती माहेरी असते, आईच्या ओसरीत, धानाच्या कोठीला टेकून. मी कामठीला राहते, शाळेत गणित शिकवते. रविवारी सकाळी रामटेक पॅसेंजर पकडून येते, आणि उंबऱ्यात पाय ठेवला की चहापाण्याच्या आधी आई सांगते, "तुही घोडी पुसून ठेवली हो." जुन्या लुगड्याच्या फडक्यानं ती हँडलपासून मडगार्डपर्यंत सगळं लख्ख पुसते. फक्त चेनला हात लावत नाही. चेनच्या तेलाचा डाग लुगड्यातून जन्मात जात नाही, हे तिला बाबांच्या सायकलीनं शिकवलंय.

बाबा पानमळ्यावर कामाला होते. रामटेकचं कपुरी पान पूर्वीपासून नावाजलेलं. खुडलेली पानं टोपलीत गोल रचायची, वर ओलं फडकं टाकायचं, टोपली कॅरियरला दोरीनं आवळायची आणि ऊन तापायच्या आत स्टेशन गाठायचं, हे त्यांचं रोजचं काम. ती चोवीस इंची काळी सायकल दुपारी रिकामी असायची. तिच्यावरच मी कैची शिकले. दांडीखालून एक पाय पलीकडे घालायचा, अर्ध्या पायडलवर अर्धी गिरकी मारायची, अंग एका बाजूला आणि सायकल दुसऱ्या बाजूला. पडले किती वेळा त्याचा हिशोब गुडघ्यावर आहे. मग लग्न, नोकरी, मुलं, आणि मध्ये वीसेक वर्षं सायकल नाही. एक्केचाळिसाव्या वर्षी स्वतःच्या पगारातून गियरची सायकल घेतली, जाड टायरची. घेतली तेव्हाच ठरवलं होतं की ही शहरात फिरवायला नाही. ही गडासाठी.

आमच्याकडे नुसतं 'गड' म्हटलं की रामटेकच. नागपूरपासून पन्नासेक किलोमीटरवर, सपाट धानाच्या मुलखातून एकदम उठलेली ही टेकडी, घोड्याच्या नालासारखी वळलेली. माथ्यावर रामलक्ष्मणाची देवळं, तटबंदी, एकामागून एक दरवाजे. नागपूरकडचा माणूस इथे सहलीला येतो तेव्हा गाडी थेट वर नेतो. दर्शन, मग कालिदास स्मारक, मग वानरांपासून प्रसादाची पिशवी वाचवत पायऱ्या, मग खाली खिंडसीच्या तलावावर बोटीत एक चक्कर, आणि अंधार पडायच्या आत मनसरच्या फाट्यावरून हायवेला. यात वाईट काही नाही. डांबरी रस्ता झाला म्हणूनच गुडघे गेलेली म्हातारी माणसं रामाच्या पायापर्यंत पोचतात. माझी आईही गेल्या वर्षी त्याच रस्त्यानं ऑटोत बसून गेली. पण त्या रस्त्यानं गड वरून कळतो. बाजूनं कळत नाही, पाठीमागून तर नाहीच.

मीसुद्धा आधी डांबरानंच चढायला शिकले. सुरुवातीला तिसऱ्याच वळणावर उतरून सायकल ढकलत न्यायची. हळूहळू कळलं की चढ ताकदीनं जिंकायचा नसतो, हिशोबानं चढायचा असतो. हलका गियर चढाच्या आधीच टाकायचा, चढ लागल्यावर टाकला की चेन कुरकुरते. सीटच्या पुढच्या टोकाशी सरकायचं, म्हणजे पुढचं चाक उचललं जात नाही. श्वासाला पायडलाशी बांधून घ्यायचं. आणि पुढचं वळण बघायचं नाही, समोरचा फक्त दहा हात रस्ता बघायचा. दोन महिन्यांत गडाच्या वाहनतळापर्यंत पाय न टेकता पोचले. त्या दिवशी आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या रविवारी परत तेच करायचा कंटाळा आला. वर जायचं, खाली यायचं. गड काही हाती लागत नव्हता.

मग एका रविवारी मी आमच्या गावाच्या आखराकडून निघाले.

आखर म्हणजे सकाळी गावची ढोरं जमतात ती जागा. तिथून गुराखी त्यांना टेकडीकडे हाकतो. आखर संपला की धानाच्या बांध्या लागतात. दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावर एक हात रुंदीची पायवाट असते, त्यावरून सायकल नेणं म्हणजे ताटाच्या कडेवरून गोटी चालवणं. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला पाणी, आणि मध्ये तुम्ही. धुरा संपला की पांदण, पांदण संपली की टेकडीचा पाय. तिथे काळी माती सुटते आणि मुरूम लागतो. टायरखालचा आवाजच बदलतो, पिठावरून चालता चालता एकदम खडीसाखरेवर यावं तसा. पळस, मोह, तेंदू, बेल, आणि दगडांच्या सांधीतून उगवलेली सीताफळं. इथून टेकडीच्या अंगाअंगानं एक वाट जाते. ती वर चढते पण कळू देत नाही. खांद्यावरच्या खिंडीत पोचते, तिथून अंबाळा तलाव दिसतो, मग पलीकडे उतरून देवळांच्या काठाशी जाते. तिथून तलावाकाठच्या रस्त्यानं गावात परत. सगळा फेरा नऊ-दहा किलोमीटरांचा. गडाला प्रदक्षिणाच ती, नालाच्या वळणामुळे थोडी वेडीवाकडी.

ही वाट सायकलसाठी कुणी आखलेली नाही. ढोरांनी आखली, गुराख्यांनी आणि मोळीवाल्या बायांनी घोटली. गणिताची शिक्षिका म्हणून सांगते, तिची आखणी बघून मी थक्क झाले. टेकडीचा सरळ उतार जागोजागी तीन फुटांमागे एक फूट आहे. ढोर तिथे सरळ चढत नाही. पोट भरलेली गाय संध्याकाळी घरी येताना उताराला तिरकी चालते, कारण तिला दम लागू द्यायचा नसतो. तिच्या मागे दुसरी, तिच्या मागे तिसरी. वर्षानुवर्षं असं चालून दहा फुटांमागे एक फूट, कुठे त्याहून कमी, अशी एक तिरकी रेघ डोंगराच्या अंगावर उमटते. सायकलचा सगळ्यात हलका गियर नेमका तेवढाच चढ मागतो. आणि खरी गंमत पावसात कळते. वाट उताराला आडवी असल्यामुळे पाणी तिच्यावरून वाहत जात नाही, तिला ओलांडून जातं. वाटेच्या बाहेरच्या कडेला किंचित कल असला की झालं. तिची माती जागची हलत नाही.

याच्या उलट, अलीकडे कुणी मोटारसायकली सरळ चढवून एक चाकोरी पाडली आहे. पहिल्या पावसात ती बोटभर खोल होती, दुसऱ्या पावसात हातभर. आता तिथे नाली आहे. वरची मुरमाड माती सगळी खालच्या बांधीत जाऊन बसली आणि ज्याची बांधी त्यानं सबंध उन्हाळा ती टोपल्यांनी उपसली. सायकलवाल्यांनी हे डोळ्यांनी बघायला हवं. आपलं चाकही तेच करू शकतं, ओल्या मातीत ब्रेक दाबून घसरत उतरलो तर. म्हणून मी सरळ पाऊस चालू असताना टेकडीवर जात नाही. पावसानं उघडीप दिली, दोन दिवस ऊन पडलं, की मग. मधल्या काळात डांबरी रस्ता आहेच.

हे सगळं मला सायकलनं दाखवलं. पायी चालणाऱ्याला चढ कळतो, पण उतारातला एवढासा फरक कळत नाही. मांड्यांना कळतो. दहातला एक आणि बारातला एक यातला फरक मी आता डोळे मिटून सांगू शकते.

गडावरच्या गोष्टींकडेही मी असं बाजूनं आले. लहानपणी शाळेची सहल म्हणून वर गेलो होतो. वराहाच्या मोठ्या मूर्तीखालून सरपटत पलीकडे जायचं, पापी असेल तो अडकतो म्हणतात, म्हणून आम्ही पोटं आत ओढून घेतलेली. नृसिंहाच्या जुन्या देवळापाशी सर म्हणाले होते, "हे प्राचीन आहे," आणि पुढे चालायला लागले होते. कितीएक वर्षांनी मी त्याच देवळासमोर घामेजलेली, हेल्मेट काखेत धरून उभी राहिले. केवल नृसिंह आणि रुद्र नृसिंह, अशी दोन बुटकी, जाडजूड देवळं. बाहेरून नक्षीकाम फारसं नाही. आत अंधारात तांबूस दगडाचा प्रचंड नृसिंह एक गुडघा उभा करून बसलाय. ही वाकाटकांच्या काळातली देवळं, पाचव्या शतकातली. अजिंठ्याची पुढची लेणी ज्या घराण्याच्या दुसऱ्या शाखेच्या काळात खोदली गेली, तेच हे वाकाटक.

केवल नृसिंहाच्या देवळात भिंतीत एक शिलालेख आहे. बराचसा झिजलाय, ओळीच्या ओळी गेल्यात. पण उरलेल्या अक्षरांवरून अभ्यासकांनी जे जुळवलं ते वाचल्यावर मी रात्रभर जागी होते. त्यात प्रभावतीगुप्तेच्या घराची हकिकत येते. ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटक राजा दुसऱ्या रुद्रसेनाची राणी. नवरा लवकर गेला, मुलं लहान, तेव्हा तिनं स्वतः राज्य चालवलं. इथून दहा किलोमीटरच्या आत असलेलं नगरधन, म्हणजे तेव्हाचं नंदिवर्धन, ही तिची राजधानी. तिथल्या अलीकडच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली, ब्राह्मी अक्षरं आणि शंख असलेली. आणि हे नृसिंहाचं देऊळ त्या आईच्या स्मरणार्थ तिच्या लेकीनं उभारलं, असा त्या झिजलेल्या अक्षरांचा अर्थ लावला गेलाय.

लेकीनं आईसाठी. आम्हाला शाळेत हे कुणीच सांगितलं नव्हतं. यक्ष सांगितला होता, मेघ सांगितला होता. वा. वि. मिराशींसारख्या विद्वानानं मेघदूतातला रामगिरी तो हाच असं साधार मांडलं. त्याचा आम्हा रामटेककरांना अभिमान आहे आणि असायलाच हवा. १९९७मध्ये कालिदासाच्या नावाचं संस्कृत विद्यापीठ इथे सुरू झालं. आषाढात पहिला मोठा ढग गडाच्या कळसावर टेकतो तेव्हा गावातला अडाणी माणूसही मान वर करून दोन मिनिटं बघतो. पण या टेकडीशी जोडलेली बाई म्हणजे अलकानगरीत दूर बसलेली यक्षाची बायको, एवढंच आमच्या डोक्यात होतं. इथेच खाली राहून राज्य करणारी बाई कुणाच्या तोंडी नव्हती. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तिचा ताम्रपट सापडला. तो तिनं रामगिरीस्वामीच्या पायाशी बसून दिलाय, असं त्यावर कोरलंय. म्हणजे ती इथे येत होती. कोणत्या वाटेनं येत असेल? नगरधनाकडून आली तर टेकडीच्या या अंगानंच तिला गड पहिल्यांदा दिसला असणार.

रिद्धपूर आणि रामटेक यांचं आणखी एक नातं आहे, ते मला फार आवडतं. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी गुजरातेतून निघाले ते रामयात्रेसाठी, म्हणजे रामटेकला यायला. वाटेत रिद्धपूरला गुरू गोविंदप्रभूंची भेट झाली आणि पुढचं सगळं आयुष्यच निराळ्या वाटेला लागलं. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ ज्यांच्या आठवणींचा आहे ते स्वामी घरातून निघताना आमच्या गडाचं नाव घेऊन निघाले होते. सायकल चालवताना हे आठवलं की पायडल हलकं होतं.

आता त्या कार्तिकातल्या रविवारची गोष्ट. त्रिपुरी पौर्णिमेची यात्रा नुकतीच होऊन गेली होती. पौर्णिमेच्या रात्री गडावर त्रिपूर जळतो, खालच्या गावांतून माणसं अंगणात उभी राहून तो बघतात आणि हात जोडतात. त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस सायकलसाठी सगळ्यात चांगले. हलका धान कापून झालेला असतो, वावरात पुंजणे रचलेले असतात, हवेत तणसाचा वास. फक्त एका गोष्टीला भ्यावं, सराट्याला. पावसात जमिनीलगत पसरलेल्या त्याच्या पिवळ्या फुलांची फळं कार्तिकात वाळून काटे होतात, कसेही पडले तरी एक टोक वर. खिंडीच्या अलीकडे मागचं चाक बसलं. टायरमध्ये तीन सराटे.

मी तयारीनं जाते. पिशवीत पाने होते, पंप होता, पॅच होते, सोल्युशनची नळीही होती. नळीचं झाकण उघडलं तर आत वाळलेला डिंक. मागच्या वेळी झाकण नीट लावलं नव्हतं. ऊन चढत होतं, गाव चार किलोमीटर खाली, फोनला रेंज नाही. सायकल खांद्यावर घ्यायचा विचार करत होते तेवढ्यात वरून घंटांचा आवाज आला. आधी दोन शेळ्या, मग गाई, मग डोक्याला पंचा गुंडाळलेला म्हातारा गुराखी.

"कोन्या गावच्या जी बाई?"

मी गाव सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, सायकलकडे बघितलं. "कोनाच्या घरच्या?"

बाबांचं नाव सांगितल्यावर ते खालीच बसले. "मंग आपलीच होय." आणि मला काही न विचारता त्यांनी चाक पुढ्यात ओढलं. मी ट्यूब बाहेर काढून दिली. त्यांनी तोंडातली थुंकी बोटाला लावून ट्यूबवर फिरवली, बुडबुडा आला तिथे नख रोवलं. मग भोकाभोवतीचं रबर चिमटीत धरून बाहेर ओढलं, आईचं दूध पिणाऱ्या बाळाच्या तोंडाएवढं, आणि कमरेच्या पिशवीतून सुतळी काढून त्या चिमटीला दहा वेढे घातले, दातानं ओढून गाठ मारली. दुसऱ्या भोकाला तसंच. तिसऱ्यालाही. "हवा पुरी नोका भरू. अर्धी भरा. अन् मागं बसून झटके नोका देऊ." ट्यूबला तीन गाठी आल्या, गाठी चाकाबरोबर टायरला आतून टकटक लागायच्या, पण त्या गाठींवर मी घरी पोचले. नव्या ट्यूबचे पैसे वाचावेत म्हणून नव्हे, पण ती ट्यूब मी अजून फेकलेली नाही.

जाता जाता ते म्हणाले, "तुमची माय ह्याच वाटेनं मोळी आने. तिचा दगड पाहिला काय?"

कुठला दगड? मी त्या वाटेनं वर्षभर जात होते.

ते दोन वळणं मागे घेऊन गेले. रायमुनियाचं रान माजलेलं होतं, पिवळी-केशरी फुलं आणि त्याचा तो उग्र वास. काठीनं त्यांनी फांद्या बाजूला सारल्या. आत एक दगड. वाटेच्या वरच्या अंगाला, माझ्या छातीच्या उंचीचा, वरून सपाट. सपाट म्हणजे घडवलेला नाही, टेकडीचाच एक फुटलेला भाग. पण त्याची पुढची कड गुळगुळीत होती. मी तिच्यावरून हात फिरवला. बाकी सगळा दगड खरखरीत, आणि ही वीतभर रुंदीची कड जात्याच्या खुंट्यासारखी. डोक्यावरचं ओझं कुणाची मदत न घेता उतरवायचं आणि कुणाची मदत न घेता परत उचलायचं, त्यासाठी बरोबर तेवढी उंची. मागे वळून मोळी टेकवायची, मान सोडवायची, दम घ्यायचा, मग वळून मान खाली घालायची की मोळी परत डोक्यावर. किती बायांच्या मोळ्या तिथे घासल्या असतील ज्यानं दगडाला अशी झळाळी आली.

रामटेक नावाचे दोन अर्थ आमच्याकडे सांगतात. एक, रामानं इथे ऋषींना राक्षसांपासून सोडवायची टेक, म्हणजे प्रतिज्ञा घेतली. दुसरा, वनवासात राम इथे टेकला, विसावला. मला लहानपणापासून पहिला खरा वाटायचा. त्या दुपारी दगडापाशी बसून मी दुसऱ्याच्या बाजूनं झाले.

घरी आल्यावर आईला विचारलं. ती लसूण सोलत होती. हात थांबला नाही.

"तीन होते दगड. पह्यला मोहाखाली, तो मोडला. दुसरा तुले दिसला तो. तिसरा अंबाळ्याच्या उताराले." मग जरा थांबून, "दुसऱ्यावर टेकलं का कळस दिसे. हात जोडो अन् मंग उचलो."

"आणि गडावर कधी जायचीस?"

"गडावर जाले वेळ कोनाले होता वं? वर्षातून एकडाव. त्रिपुरले."

म्हणजे जवळजवळ रोज गडाच्या अंगावरून जाणारी माझी आई गडावर वर्षातून एकदाच जायची. मी पोटात असतानाही सातव्या महिन्यापर्यंत ती मोळीला गेली. हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही, धानाला किती पाणी दिलं हे सांगावं तसं सांगितलं. नंतर गॅस आला. आई म्हणते, शेगडी पेटवली त्या दिवशी घरात धूर नाही म्हणून तिला जेवण झालंय असं वाटतच नव्हतं. गॅस आला हे फार चांगलं झालं. बायांच्या माना सुटल्या, डोळे वाचले, टेकडीची झाडंही वाचली. कुणी मला म्हटलं की जुने दिवस बरे होते तर मी त्यांना आईची मान दाखवीन. पण बाया जायच्या थांबल्या तशी वाटही मिटायला लागली, हेही खरं. पायवाट पायांवर जगते. एक पावसाळा कुणी चाललं नाही की तरोटा उगवतो, दोन पावसाळ्यांत रायमुनिया, आणि पाचव्या वर्षी तिथे वाट होती हे सांगायला एखादा म्हातारा गुराखीच लागतो.

म्हणून मग आम्ही वाट मोकळी केली. आम्ही म्हणजे मी आणि गावातल्या तीन मुली. आठवीनंतर शाळा लांब पडते म्हणून सरकारी योजनेतून मिळालेल्या त्यांच्या सायकली, बिनागियरच्या, पुढे जाळीची टोपली. मला वाटलं होतं त्यांना चढ जमणार नाही. त्यांना तो माझ्याआधी जमला, कारण दप्तर लादून रोज सहा-सात किलोमीटर तुडवणाऱ्या मांड्या होत्या त्या. विळे आणि एक कुऱ्हाड घेऊन आम्ही चार रविवार गेलो. रायमुनिया वरून कापून उपयोग नसतो, दुप्पट फुटते, ती मुळासकट उपटावी लागते. पाऊस पडून गेल्यावर, माती मऊ असताना. सीताफळ आणि बेलाच्या रोपांना हात लावायचा नाही हे ठरलेलं. जिथे पाणी वाटेवरून धावायला लागलं होतं तिथे हाताएवढे दगड तिरके रोवले, की पाणी बाहेर वळावं. एवढंच. जिथे वनखात्याची पाटी लागते त्याच्या पलीकडे आम्ही जात नाही. उत्तरेला पेंचचं जंगल काही लांब नाही, आणि झाडीत आपण पाहुणे आहोत हे पोरींना आधी सांगितलं. उजाडायच्या आधी निघायचं नाही, सांज व्हायच्या आत खाली.

कुणीतरी सुचवलं की आता या वाटेवर सिमेंट टाकून घ्या, छान 'ट्रॅक' होईल, बाहेरचे लोक येतील. मी हात जोडले. सिमेंटवर पाणी जोर धरतं आणि जिथे सिमेंट संपतं तिथली माती खणून नेतं. शिवाय सिमेंटवरून गाय घसरते. ज्यांनी ही वाट आखली त्यांनाच तिथून हाकलून सायकली चालवायच्या असतील तर मला तशी सायकल नको. बाहेरचे लोक जरूर यावेत. मुरमावरून यावेत, गुरं समोर आली की उतरून खालच्या अंगाला उभं राहावं, चिवड्याच्या पुड्या परत न्याव्यात. खाली गावात तर्रीपोहे मिळतातच.

मुली आता खिंडीतून अंबाळ्याकडे उतरताना माझ्या पुढे असतात. उतारावर ब्रेक एकसारखे दाबून ठेवू नका, दाबा-सोडा करा, हे मी दर वेळी ओरडते. खाली तलावाच्या काठाला देवळांची रांग लागते. तिथे लोक आपल्या गेलेल्या माणसांचे विधी करायला येतात. बाबांचे आम्ही तिथेच केले. तिथे आलं की मुली आपोआप गप्प होतात, घंटी वाजवत नाहीत. हे त्यांना कुणी शिकवलं नाही.

आईनं मध्यंतरी एक गोष्ट केली. गियरच्या सायकलची सीट टणक असते, मी एकदा सहज बोलून गेले होते. पुढच्या रविवारी आले तर सीटवर जुन्या लुगड्याची घट्ट वळलेली गादी शिवून बांधलेली. हिरवं लुगडं, लाल काठ. मी हात लावून बघितलं. वळण ओळखीचं होतं. डोक्यावर मोळीखाली घेतात ती चुंबळ, तीच वळायची रीत, फक्त मधलं भोक बुजवलेलं. "बस आता," आई म्हणाली आणि आत गेली.

गेल्या कार्तिकात, मुलींची परीक्षा होती म्हणून मी एकटीच गेले. दवानं मुरूम दबलेला, चढ छान लागला होता. दुसऱ्या दगडाचं वळण आलं आणि मी ब्रेक दाबला. दगडावर सीताफळांची टोपली ठेवलेली होती, वर पळसाची पानं झाकलेली. शेजारी एक बाई उभी, माझ्याच वयाची असेल, पदरानं मान पुसत. मी ओळखत नव्हते. अंबाळ्याकडून आली होती, बाजाराला निघाली होती.

"इथून सायकल जाते?" तिनं विचारलं.

"जाते."

तिनं वर कळसाकडे बघितलं, मग चुंबळ झटकून डोक्यावर नीट बसवली. टोपली जड दिसत होती. मी सायकल आडवी टाकली आणि हात लावायला पुढे झाले.

"नोको जी बाई," ती दगडाकडे पाठ करून वाकत म्हणाली. "दगड हाये न."